घेतली तर द्यायची नाही

"शेवटचं पान आधी वाचणाऱ्याले पाप लागते, माहीत आहे का तुम्हाले?"

वर्ध्याच्या पुस्तक प्रदर्शनात मी एका अनोळखी पोराला हे म्हटलं. आता तुम्ही म्हणाल, तुला काय करायचं होतं? काही नाही करायचं होतं! नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस मांडवाच्या ताडपत्रीवर ताडताड वाजत होता, हिंगणघाटची बस निघून गेली होती, आणि हा उंच, सावळा पोरगा माझ्या लाडक्या मालिकेचा पाचवा भाग हातात घेऊन, थेट शेवटचं पान उघडून उभा होता. माझ्या तर अंगावर काटाच आला.

त्यानं मान वर केली. पापण्यांवर पावसाचं पाणी होतं.

"पाप नाई लागत," तो म्हणाला. "डोक्याचा ताप वाचते."

"म्हणजे?"

"म्हणजे हे पाहा. पंखवाला राजपुत्र अन् कुंभाराची पोरगी. चार भाग सांगून राह्यले का तिचा हात धरला तर ह्याचे पंख जळणार. अन् पाचव्यात धरते हात... तर पंख सोन्याचे होतात! मंग मले सांगा, चार भाग हे दोघं लांब लांब काऊन राह्यले? आधीच धराचा होता ना हात!"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मी... पाचवा भाग वाचला नव्हता अजून."

"अव्वो!" त्यानं पुस्तक झटकन मिटलं, जसं काही मिटल्यानं ते शब्द परत आत जाणार होते. "सॉरी. लय सॉरी. चहा घेता का?"

घेतला. पाऊस थांबेपर्यंत दोन वेळा घेतला. तो धनंजय. वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावचा. घरी शेती, हा वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. मी सांगितलं, मी गुंजन, हिंगणघाटात बाबांचं भांड्यांचं दुकान आहे, भाऊ दुकानात बसतो, आणि मी एम.कॉम. करून घरी बसते आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून पुस्तकांबद्दल बडबड करते.

"थांबा थांबा. पुस्तकांले मार्कांच्या जागी मोरपिसं देणाऱ्या तुम्हीच का? पाचपैकी पाच?"

"पाहता तुम्ही?" मी लगेच ओढणी सावरली. मूर्खच मी.

"पाहतो ना. पण तुम्ही सगळ्यांलेच पाच देता. नापास करतच नाई कोणाले."

"माहा जीव जड होते कोणाले नापास कराले."

तो हसला. हसताना खाली पाहायची सवय होती त्याला, आणि मग एकदम वर पाहायचा. त्या एकदम वर पाहण्यानं माझा घात केला.

पुढचे महिने आम्ही पुस्तकांवरून भांडलो. भांडलो म्हणजे काय, सकाळी उठल्याबरोबर मेसेज, जेवताना मेसेज. जादूच्या प्रेमकथा हा आमचा दोघांचाही जीव की प्राण, पण वाचण्याची तऱ्हा निराळी. मला शेवट गोड लागतो. घरात दिवसभर तेच ते, दुकान, स्वयंपाक, पाहुणे. निदान पुस्तकात तरी कुणाचं भलं होऊ द्या की! त्याचं म्हणणं वेगळं.

"मी उडते घोडे मानतो, बोलणारं झाड मानतो, तीनशे वर्षांची चेटकीण बी मानतो," तो म्हणायचा. "पण लेखिकेनं एकदा नियम घातला का तिनं तो पाळला पाहिजे. शाप द्याचा अन् शेवटी फूक मारून उडवून लावाचा, हे काय झालं? मंग ते दोघं रडले कायले? त्यांच्यासोबत मी काऊन रडलो?"

"रडतोस तू?"

"...विषय बदलू नको."

त्या कुंभाराच्या पोरीचंच घ्या. तिसऱ्या भागात ती राजपुत्राच्या उन्हात भाजलेल्या पंखांना लावायला चाकावरची ओली माती कमळाच्या पानात बांधून ठेवते, आणि तो येतच नाही. माती वाळून जाते. बस्स, एवढंच पान. ते पान आम्हा दोघांनाही पाठ होतं. "पाहा," तो म्हणायचा, "इथं 'माहं तुह्यावर प्रेम आहे' असं कोणीच म्हणत नाई. अन् त्या दुसऱ्या पुस्तकात पहिल्याच भेटीत वीज चमकते, अन् मंग तीनशे पानं नुसती वीजच वीज! माणूस पुस्तक वाचन, का लोडशेडिंगची वाट पाहीन?"

मी खो खो हसायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय झालं वं तुले?" काय झालं होतं, ते मला चांगलं समजत होतं.

पण भेटायचं कसं? हिंगणघाटहून वर्ध्याला जायला दरवेळी कारण कुठून आणू? आमच्यात पोरीनं "मित्राले भेटून येते" म्हणायची सोय नाही. दोन्ही घरं एकाच समाजातली, म्हणजे तसा मोठा डोंगर आडवा नव्हता. फक्त ओळख नव्हती. आणि तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून ती कल्पना निघाली.

माझा भाऊ अंकित. दुकान बरं चाललेलं, स्वभावानं गाय, पण पोरीसमोर तोंड उघडायचं म्हणजे याला घाम फुटायचा. सोयरीक काही जुळत नव्हती. आणि धनंजयची धाकटी बहीण जया, बी.एड. झालेली, तिला शहरातलं, दुकानदाराचं घर हवं होतं.

"तुही बहीण, माहा भाऊ," मी फोनवर म्हटलं. "दोन राज्यांचा तह! जया एकदा आमच्या घरी आली का तू हक्कानं येशील, मी हक्कानं आंजीले जाईन. सगळे एकमेकांले ओळखतील. मंग आपलं सांगाले किती सोपं!"

तो हळूच म्हणाला, "आपलं म्हणजे... काय सांगाचं?"

"तुले नाई समजत का?"

"समजते. पण तुह्या तोंडून ऐकतो ना."

मी फोन ठेवून दिला. गाल इतके तापले होते की थंड फरशीवर टेकवून बसले.

जमलं! रामाजी म्हणून सोयरिकी जुळवणारे म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या कानावर मीच अलगद घातलं, आणि त्यांनी ते स्वतःचंच म्हणून दोन्हीकडे नेलं. जयाला पाहायला आमची मंडळी आंजीला गेली. अंकित तिच्याशी "चहा चांगला आहे" एवढं एकच वाक्य बोलला, आणि तिला तेवढ्यानंच तो आवडला. पसंती झाली. मग दोन्ही घरचे मिळून गिरडला गेलो, शेख फरीदबाबाच्या टेकडीवर. मोठी माणसं सावलीत बसली, अंकित आणि जया एका बाजूला, आणि उरलो आम्ही दोघं. कुणाचं लक्षच नव्हतं आमच्याकडे. मला माझ्या हुशारीचं किती कौतुक वाटलं म्हणून सांगू!

त्यानं वाटेतून एक गोल दगड उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तिथं तसे दगड सापडतात, अगदी सुपारीसारखे. लोक म्हणतात, एक व्यापारी बाबांशी खोटं बोलला, आणि त्याच्या सुपारीच्या मालाचे दगड झाले.

"याले म्हणते शाप," धनंजय म्हणाला. "अजून दगडच आहे. कोणी येऊन परत सुपारी नाई केली."

"तुले आनंद होते का रे त्याचा?"

"आनंद नाई. भरवसा वाटते." मग इकडे तिकडे पाहून, खाली पाहून, एकदम वर पाहून म्हणाला, "गुंजन... मले तू आवडते. पहिल्या नजरेत बिजरेत नाई हो, उगाच खोटं कायले सांगू. दुसऱ्या चहापासून."

वारा होता टेकडीवर. माझ्या हातात तो दगड, आणि दगड धरलेल्या माझ्या हातावर त्याचा हात. मी म्हटलं, "मले पहिल्याच चहापासून." त्यानं बोटं घट्ट केली. तेवढ्यात खालून लीलाबाईंनी, त्याच्या आईनं, हाक मारली आणि आम्ही दोन बाजूंना झालो. माझ्या आयुष्यातलं सुख म्हणजे एवढंच. एका हाकेएवढं.

अंकित-जयाचं साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, थाटात झालं. लग्न मे महिन्यात ठरलं. आणि त्यानंतरच्या एका दुपारी, आई आणि रीता आत्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा मी आईला सांगितलं. हसत हसत सांगितलं हो! मला वाटलं, ती लटकं रागावेल, मग विचारेल, पोराचा पगार किती.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाबांले सांगतलं का?"

"नाई अजून."

"मंग सांगूच नको. इसरून जा."

"काऊन? काय वाईट आहे त्याच्यात?"

"त्याच्यात काई वाईट नाई. पण जया येऊन राह्यली ना आपल्या घरात? आपल्याकडे साटंलोटं करत नाई. ज्या घरची पोरगी घेतली, त्या घरात आपली द्याची नाई."

मी हसलेच. साटंलोटं म्हणजे अदलाबदलीची लग्नं, तुमची मुलगी आम्हाला, आमची तुम्हाला, हे माहीत होतं. कुठं करतात, कुठं नाही करत, हेही ऐकून होते. पण आमच्या घरात असा नियम असेल, असं कुणी कधी बोललंच नव्हतं. "काय वं आई, कोणत्या जमान्यातलं काढून राह्यली? बाबा असं काई मानत नाईत."

"तोच मानते," रीता आत्या म्हणाली.

आत्या आमच्याचकडे राहते. मी जन्मले तेव्हापासून पाहते आहे. नवऱ्यानं टाकली, एवढंच आम्हा भावंडांना सांगितलं होतं. ती शेंगा सोलता सोलताच बोलली, डोळे वर न करता.

"तुह्या बाबाची पहिली बायको माही नणंद होती. वडनेरची. मी तिच्या भावाले देली, तिले तुह्या बाबाले केली."

"बाबांची... पहिली बायको?"

"दोघांचं पटलं नाई. सदादादानं, तुह्या बाबानं, तिले माहेरी पाठवून देलं. दुसऱ्या दिवशी माह्या सासऱ्यानं माही पेटी बैलगाडीत ठेवली. आमची पोरगी परत, तर तुमची बी परत. माहं माह्या नवऱ्याशी काईच बिघडलं नव्हतं, गुंजन. तो मागं मागं चालत आलता गाडीच्या. पुलापर्यंत आला, अन् मंग बापानं हाक मारली तं थांबला."

आईनं पदर तोंडाला लावला. आईला हे सगळं ठाऊक होतं. ती बाबांची दुसरी बायको, हे फक्त मला ठाऊक नव्हतं. मी तिथंच बसले, त्या टरफलांच्या ढिगात.

तरी बाबांना सांगितलं. न सांगून कसं चालेल? मला वाटलं, ओरडतील, मारतील, मग मीही ओरडेन. राक्षस असला म्हणजे त्याच्याशी लढता तरी येतं. बाबा जेवत होते. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"पोरगा चांगला आहे," ते म्हणाले. "मले बी आवडला. पण मी तुले त्या घरात देऊ शकत नाई, बेटा. उद्या अंकितचं अन् जयाचं एका शब्दावरून बिनसलं, तर तुह्या संसाराचं काय? तुमचं दोघांचं बिनसलं, तर त्या पोरीले मी कोण्या तोंडानं घरात ठेवू? माह्या बहिणीचा संसार मी मोडला. आज इतकी वर्षं ती माह्या पुढ्यात ताट ठेवते. अजून एक मले नाई पाहवणार."

आणि माझ्या बापानं माझ्यापुढे हात जोडले. मी ते हात धरून खाली केले आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. रडून काय होणार होतं? काहीच नाही झालं.

धनंजयला मी वर्ध्याच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये भेटले. या वेळी घरून कारणही लागलं नाही. व्याह्यांकडे बस्त्याच्या साड्यांचं विचारायला जाते म्हटलं. चालतं ना आता. आम्ही हक्क मिळवला होता.

सगळं ऐकून त्यानं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"साक्षगंधच झालं आहे," तो म्हणाला. "लग्न नाई झालं. मोडता येते."

"मोडून?"

"मंग आपलं होईन."

"अन् जयाचं?"

"तिले दुसरा भेटन. अंकितले बी भेटन."

"धनंजय, अंकित दुकानात गाणं म्हणून राह्यला. अंकित! गिऱ्हाइकाले गंज-पातेली देता देता गाणं म्हणते. जयानं काल मले फोन केला, त्याले कोणता रंग आवडते म्हणून. मी तिले काय सांगू? तुहा भाऊ अन् मी आपल्या सोयीसाठी तुमची भेट घालून देली होती, आता आमच्याच सोयीसाठी दूर व्हा?"

"मंग पळून जाऊ. नागपूरले. पुण्याले. कुठी बी."

"अन् ते दोघं लग्न करतीन, अन् जया माह्या घरात राहीन. लोक तिले म्हणतीन, हिच्या भावानं त्या घरची पोरगी पळवली. बाबा तिच्या हातचं पाणी पेतीन का?"

"अन् आपण? आपलं काईच नाई का?" त्याचा आवाज चढला. बाजूच्या टेबलवरच्यांनी वळून पाहिलं. "तूच म्हणत होती ना, शेवट गोड पाहिजे! निदान कोणाचं तरी भलं होऊ द्या!"

"तूच म्हणत होता ना, नियम फूक मारून उडवला तर सगळं खोटं!"

"ते पुस्तकातलं होतं, गुंजन!" आणि तो रडला. भर कँटीनमध्ये, एवढा उंच माणूस, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत. "पुस्तकात मले काय लागते बोलाले? तिथं कोणाचा जीव जात नाई."

मला त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं. त्याचं डोकं धरायचं होतं. पण कँटीनच्या दारात आंजीकडच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्याच्या ओळखीच्या. मी पर्समधून रुमाल काढून टेबलावरून सरकवला, तेवढंच. तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी तो आणखी एकदा म्हणाला असता ना, "चल", तर मी उठले असते. जया गेली असती खड्ड्यात, अंकित गेला असता, बाबा गेले असते. पण त्यानं म्हटलं नाही. रुमाल डोळ्यांना लावून बसून राहिला, आणि मग म्हणाला, "जयाले निळा रंग सांग. अंकितले निळा आवडते ना?"

"हाव," मी म्हटलं. "निळाच."

असे आम्ही दोघं. भल्या घरचे.

मे महिन्यात आंजीला लग्न झालं. ऊन असं की मांडवाखाली जीव नकोसा व्हावा. मी करवली, हिरवी साडी, हातात कऱ्हा, तोंडभर हसू. धनंजयनं रीतीप्रमाणे अंकितचा कान पिळला, सगळे हसले, मीही हसले. पंगतीत त्यानं वाढलं. माझ्या पानाशी आल्यावर त्यानं विचारलं नाही, जिलेबी ठेवली आणि पुढे गेला. मी ती खाल्ली. कशी लागली, ते काही आठवत नाही.

संध्याकाळी वरात हिंगणघाटला आली. जयासोबत पाठराखीण म्हणून तिची मावशी होती, आणि सामान घेऊन धनंजय. दारात आत्यानं तांदळाचं माप ठेवलं, पण आत्या स्वतः आडोशाला उभी राहिली, पुढे आली नाही. आणि सगळ्या बाया माझ्या मागं लागल्या, "गुंजन, दार अडव! दार अडव वं! तुहाच मान आहे!"

नवरा-नवरी घरात शिरताना नवऱ्याची बहीण दार अडवते. तुमची मुलगी माझ्या मुलाला द्याल, असं वचन घेते, मगच आत सोडते. लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात पाहिलेली गंमत.

मी उंबऱ्यात हात आडवे करून उभी राहिले. समोर अंकित, घामानं निथळणारा, खुशीत. त्याच्या शेल्याला बांधलेली निळ्या शालूतली जया. तिच्या मागं, दोन्ही हातांत तिच्या बॅगा घेऊन, तो.

"म्हण ना वं!" कुणीतरी मला ढोसलं.

"तुमची पोरगी..." मी म्हटलं. "तुमची पोरगी माह्या पोराले देसान का?"

"देऊ की!" अंकित म्हणाला. काय बोलका झाला होता तो! "पण आधी तुहं लग्न तर होऊ दे! पोरगा आणशीन कुठून?"

केवढा हशा पिकला. बाबा हसले नाहीत. मी मात्र हसले, सगळ्यांत मोठ्यानं, आणि हात खाली घेतले. जयानं माप ओलांडलं, तांदूळ माझ्या पायांवर आले. बाया त्या दोघांना घेऊन देवघराकडे गेल्या. दारात मी उरले, आणि पायरीखाली बॅगा घेऊन तो.

त्यानं खाली पाहिलं. मग नेहमीसारखं एकदम वर पाहिलं नाही. खालीच पाहत राहिला. मागं त्याची मावशी उभी होती, शेजारच्या बाया उभ्या होत्या.

"ताई," तो म्हणाला, "जरा बाजूले होता का? बॅगा आत ठेवाच्या आहे."

पहिल्यांदाच म्हणाला. नातं तेच होतं आता. बहिणीची नणंद, दुसरं काय म्हणणार?

"या ना, दादा," मी म्हटलं, आणि दारातून बाजूला झाले.